दीर्घोत्तरी प्रश्न: पेन टेकवण्याआधी काय शिकवायचं?

शिरपूर तालुक्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात इतिहास शिकवणाऱ्या मॅडमनी विचारलंय ते थोडक्यात असं: बारावीच्या मुलांचा अभ्यास बरा आहे, तोंडी विचारलं तर सांगतात. पण दीर्घोत्तरी प्रश्नात ओळखीचं नाव दिसलं की त्या नावाखाली आठवेल ते सगळं उतरवून काढतात. पानं भरतात, गुण निम्मेही पडत नाहीत. संध्याकाळी अभ्यासिकेत राज्यसेवेची तयारी करणारी काही मुलं त्यांच्याकडे येतात, तिथेही तीच रड. प्रश्न नीट वाचून उत्तराचा आराखडा करणं वर्गात शिकवायचं कसं? वर्गात सत्तर मुलं, त्यातली बरीच पावरा आणि भिल्ल वस्त्यांवरून येणारी. आणि गाइडं बंद करावीत का?

मॅडम, तुमच्या मुलांना लिहिता येत नाही असं मला वाटत नाही. तीन पानं भरणाऱ्या मुलाला लिहिता येतंच. काय म्हणायचं ते ठरायच्या आधी त्याचं पेन कागदावर टेकलेलं असतं, घोटाळा तिथे होतो. पाहुण्यानं प्यायला पाणी मागावं आणि आपण अख्खा माठ उचलून त्याच्या पुढ्यात ठेवावा, तसं हे उत्तर असतं. त्यातलं पाणी हवं तर तपासणाऱ्यानं शोधून घ्यावं. तपासणाऱ्यापुढे गठ्ठा असतो, तो शोधत बसत नाही.

उद्याच एक करून बघा. जुन्या प्रश्नपत्रिकेतला एक मोठा प्रश्न फळ्यावर लिहा, दोन मिनिटं द्या आणि कुणालाही उठवून म्हणा, "तुझं उत्तर एका वाक्यात सांग." बहुतेक मुलं सांगतील, "आधी प्रस्तावना येईल, मग कारणं, मग परिणाम, मग समारोप." म्हणजे कप्पे सांगितले, त्यात ठेवायचं काय ते ठरलेलंच नाही. एका वाक्यात उत्तर सांगता येईपर्यंत पेन उचलायचं नाही, हा एक नियम वर्षभर चालवलात तरी फरक दिसेल. पुढे मी जे लिहितोय ते सगळं त्या एका वाक्यापर्यंत पोचायचं कसं आणि पोचल्यावर त्याचं काय करायचं, एवढ्यापुरतंच आहे.

ही सवय मुलांना आपणच लावली, हेही मान्य करून टाकू. प्रश्न आणि उत्तर जोडीनं पाठ करायचं, परीक्षेआधी 'आयएमपी' प्रश्नांची यादी द्यायची, आणि पेपर सुटल्यावर फाटकाशी उभं राहून पहिला प्रश्न विचारायचा, "किती पुरवण्या लागल्या रे?" मुलगा शहाणा असतो. आपण काय मोजतो ते त्याला बरोबर कळतं.

आता प्रश्न वाचण्याकडे येऊ. मी मुलांना पेन्सिल हातात घेऊन प्रश्नात चार गोष्टी शोधायला लावतो: विषय काय, काम काय सांगितलंय, हद्द कुठपर्यंत आहे, आणि प्रश्नाच्या पोटात एखादा दावा आहे का. विषय सगळ्यांनाच सापडतो, त्यावर वेळ घालवू नका. काम म्हणजे 'वर्णन करा', 'कारणे सांगा', 'मूल्यमापन करा' ते. हद्द म्हणजे काळ, प्रदेश, समाजाचा गट. '१९२० ते १९४७' असं लिहिलेलं असताना १८५७पासून सुरुवात करणारी मुलं दरवर्षी भेटतात. ती पहिलं पान वाया घालवतात आणि त्यांना पत्ताही नसतो. पण खरी मेख चौथ्या गोष्टीत, दाव्यात आहे. 'केवळ', 'प्रामुख्याने', 'कितपत', 'खऱ्या अर्थाने', 'पूर्णपणे' हे बारके शब्द प्रश्न काढणाऱ्यानं उगाच घातलेले नसतात. बहुतेक वेळा अख्खा प्रश्न त्या एका शब्दावर उभा असतो, आणि मुलं नेमका तोच शब्द ओलांडून पुढे जातात.

नुसतं सांगून हे डोक्यात शिरत नाही, म्हणून एक प्रश्न पुरता सोडवून दाखवतो. आपल्या भागातला घेतो, कारण मुलांना त्यातली माहिती असते आणि म्हणूनच त्यात ती घसरतात. प्रश्न मी वर्गासाठी बेतलेला आहे: 'काँग्रेसचे १९३६चे फैजपूर अधिवेशन ही राष्ट्रीय चळवळ खऱ्या अर्थाने खेड्यात पोहोचल्याची खूण होय. या विधानाचे चिकित्सक परीक्षण करा.'

फैजपूर म्हटलं की जळगावकडच्या मुलांची छाती फुगते आणि पेन सुटतं. डिसेंबर १९३६, अध्यक्ष पंडित नेहरू, ग्रामीण भागात भरलेलं पहिलं अधिवेशन, धनाजी नाना चौधरींनी उपसलेले कष्ट, साने गुरुजींनी गावोगाव फिरून केलेला प्रचार, नंदलाल बोस यांनी बांबूसारख्या साध्या गावठी साहित्यातून उभी केलेली सजावट, शेतीविषयक कार्यक्रम. सगळं खरं, सगळं बरोबर. आणि 'फैजपूर अधिवेशनावर टीप लिहा' असा प्रश्न असता तर गुणही मिळाले असते. इथे मात्र कुणी अधिवेशनाची माहिती विचारलेलीच नाही. विचारलंय ते असं की, हे विधान कुठे टिकतं आणि कुठे टिकत नाही.

मग मी वर्गाला विचारतो, चळवळ खेड्यात 'खऱ्या अर्थानं पोहोचली' हे कशावरून ठरवायचं? इथे घाई करायची नाही. हा एक प्रश्न फळ्यावर ठेवून वर्गाला बोलू द्यायचं. हळूहळू मुलांकडूनच निघतं की मांडव खेड्यात पडला म्हणजे पोहोचली, हा एक अर्थ. खेड्याचे प्रश्न काँग्रेसच्या ठरावात आले, हा दुसरा. आणि खेड्यातल्या शेवटच्या माणसाला त्यात काही मिळालं, हा तिसरा. अमळनेरकडची एक मुलगी एकदा मागच्या बाकावरून अहिराणीत पटकन बोलली होती, "सर, अधिवेशन खेडामा व्हयनं, पन खेडाना लोकेस्ले काय भेटनं?" (अधिवेशन खेड्यात झालं, पण खेड्यातल्या लोकांना काय मिळालं?) मी खडू खाली ठेवला. चिकित्सक परीक्षण म्हणजे काय ते यापेक्षा नेमकं मला सांगता आलं नसतं. तिला फक्त ते पुस्तकी मराठीत आणि पुराव्यानिशी मांडायचं होतं.

पुरावे शोधायला लागलो की मुलांना पाठ असलेलंच उपयोगी पडतं, फक्त आता ते कुठल्या तरी कामाला लागलेलं असतं. शेतसारा आणि खंडात कपात, कर्जाचा बोजा हलका करणं, कुळांना संरक्षण, शेतमजुरांना जगण्यापुरती मजुरी, शेतकरी संघटनांना मान्यता हे फैजपूरच्या कार्यक्रमात होतं. म्हणजे खेड्याचे प्रश्न ठरावात आले. अखिल भारतीय किसान सभेचं अधिवेशनही त्याच वेळी फैजपूरला भरलं, त्याचे अध्यक्ष एन. जी. रंगा होते, आणि मनमाडहून सुमारे ५०० शेतकरी दोनशेहून अधिक मैल पायी चालत तिथे आले. म्हणजे खेडं नुसतं प्रेक्षक नव्हतं. उलट बाजूला काय? किसान सभेच्या जाहीरनाम्यात जमीनदारी नष्ट करण्याची मागणी होती, फैजपूरच्या कार्यक्रमात ती आली नाही. लगोलग १९३७च्या सुरुवातीला झालेल्या निवडणुकांत मताधिकार मालमत्ता आणि शिक्षणाच्या अटींनी बांधलेला होता, म्हणजे ज्या मजुराचं नाव ठरावात आलं त्याचं नाव बहुधा मतदारयादीत नव्हतं. आणि तिसरी बाजू हुशार मुलांना सुचते: चळवळ खेड्यात फैजपूरच्या आधीच पोहोचली नव्हती का? १९१७चं चंपारण, १९१८चं गुजरातेतलं खेडा, १९२८चं बार्डोली, १९३०चे जंगल सत्याग्रह. मग फैजपूर ही पोहोचल्याची खूण कशी?

एवढी चर्चा झाली की एक वाक्य आपोआप तयार होतं. फळ्यावर शेवटी जो आराखडा उरतो तो साधारण असा दिसतो:

उत्तर: विधान अंशतः खरे. फैजपूरने खेड्याचे प्रश्न काँग्रेसच्या कार्यक्रमात आणले, पण चळवळ खेड्यात आधीच गेली होती आणि तळच्या शेतकऱ्याच्या मागण्या फैजपूरनंतरही अर्ध्याच मान्य झाल्या.
१. चळवळ फैजपूरच्या आधीच खेड्यात होती (चंपारण, खेडा, बार्डोली, जंगल सत्याग्रह).
२. फैजपूरला नवे घडले ते असे की शेतीचे प्रश्न राष्ट्रीय कार्यक्रम झाले (सारा, कर्ज, कूळ, मजुरी).
३. शेतकरी स्वतः संघटित होऊन तिथे आला (किसान सभा, मनमाडची पदयात्रा).
४. तरी जमीनदारी नष्ट करण्याची मागणी बाहेर राहिली, मत बहुतेकांना नव्हते.
गाळले: नेहरूंचे स्वागत, सजावट, स्वयंसेवकांची नावे, अधिवेशनाची तयारी.

या आराखड्यातल्या दोन गोष्टींवर मी हटून बसतो. पहिली, प्रत्येक मुद्दा क्रियापदासकट पूर्ण वाक्यात. मुलं आराखडा करा म्हटलं की 'पार्श्वभूमी', 'आर्थिक घटक', 'महत्त्व' असे मथळे लिहितात. मथळ्यानं काहीच ठरत नाही. 'आर्थिक घटक' या दोन शब्दांखाली काहीही लिहिता येतं, म्हणून मुलगा काहीही लिहितो. 'शेतीचे प्रश्न राष्ट्रीय कार्यक्रम झाले' असं लिहिलं की त्याखाली काय यायचं आणि काय नाही ते ठरून जातं. शिकवणीवर्गांतून येणारी मुलं राजकीय, सामाजिक, आर्थिक, सांस्कृतिक अशी चौकट पाठ करून येतात आणि प्रत्येक प्रश्न त्यात कोंबतात. मला ती चौकट मुळीच आवडत नाही. काही सुचत नसेल तेव्हा आठवायला ती ठीक आहे, पण मुद्द्यांचा क्रम विधानावरून ठरला पाहिजे, आणि ती चौकट विधान वाचायच्या आधीच तयार असते.

दुसरी गोष्ट म्हणजे ती शेवटची ओळ, 'गाळले'. मुलांना ही ओळ सगळ्यात जड जाते. रात्र-रात्र जागून पाठ केलेलं सोडून द्यायचं म्हणजे जिवावर येतं. म्हणून ते कच्च्या कामात लिहू द्यायचं. एकदा कागदावर उतरलं की ते उत्तरात घुसायची धडपड कमी होते. आणि गाळायचं की ठेवायचं यावर वाद होऊ द्या, तो वाद फार कामाचा असतो. नंदलाल बोस यांची सजावट मी गाळलेल्यात टाकली, तर एकदा एका मुलानं हात वर केला. त्याचं म्हणणं, अधिवेशनानं गावठी साहित्य आणि गावातले कारागीर मुद्दाम वापरले, म्हणजे खेड्याकडे बघायची दृष्टीच बदलली होती, मग हा पुरावा का नाही? मी म्हटलं, हे वाक्य जोडणार असशील तर ठेव, नुसती सजावट लिहिणार असशील तर गाळ. माहिती तीच असते. ती कुठल्या वाक्याला टेकू देते यावर तिची जागा ठरते.

'काम' सांगणाऱ्या क्रियापदांबद्दल थोडं वेगळं बोलतो. 'वर्णन करा म्हणजे…', 'विश्लेषण करा म्हणजे…' अशा व्याख्यांचा तक्ता बऱ्याच वर्गांत भिंतीवर लावलेला असतो. मुलं तो तक्ताही पाठ करतात आणि उत्तर पूर्वीसारखंच लिहितात. त्यापेक्षा एकाच माहितीवर वेगवेगळे प्रश्न विचारून बघा. मी यासाठी केळी घेतो, कारण रावेर-यावल-चोपडा पट्ट्यातल्या केळीबद्दल आपल्याकडच्या मुलाला पुस्तकाबाहेरचंही ठाऊक असतं. चिठ्ठ्यांवर माहिती लिहायची: सातपुड्याच्या पायथ्याचा गाळाचा पट्टा, विहिरी आणि कूपनलिका, ठिबक, ऊतिसंवर्धित रोपं, उत्तर भारतात जाणारी रेल्वे, मे-जूनमधली वादळं, सीएमव्ही हा विषाणूजन्य रोग, खोल जाणारं भूजल, २०१६ला मिळालेलं भौगोलिक मानांकन. मग चार गटांना चार प्रश्न द्यायचे. एकाला केळी इथेच का एकवटली याची कारणं. दुसऱ्याला उत्पादकांपुढच्या समस्या आणि उपाय. तिसऱ्याला 'ठिबक सिंचनामुळे केळीपट्ट्याचा पाणीप्रश्न सुटला' या विधानाचं मूल्यमापन. चौथ्याला केळी आणि कापूस यांची तुलना.

आता एकच चिठ्ठी बघा, ठिबकची. पहिल्या गटात ती कारण म्हणून येते आणि दोन ओळींत संपते. दुसऱ्या गटात ती उपाय होते. तिसऱ्या गटात मात्र तिचीच झाडाझडती घ्यायची असते: ठिबकनं एकरी पाणी वाचतं हे खरं, पण वाचलेल्या पाण्यावर आणखी लागवड झाली तर भूजलाचा एकूण उपसा कमी होईलच असं नाही. चौथ्या गटात ती चिठ्ठी एका निकषाखाली जाते, पाण्याची गरज, आणि तिथे कोरडवाहू कापसाशेजारी तिला उभं करावं लागतं. तुलनेच्या गटाची नेहमीची चूक म्हणजे अर्धं पान केळी आणि अर्धं पान कापूस. आधी निकष ठरवायचे, मग प्रत्येक निकषावर दोन्ही पिकं घ्यायची, हे तिथल्या तिथे दुरुस्त करता येतं. तासाच्या शेवटी चारही गटांनी आपलं एक वाक्य वाचून दाखवायचं. माहिती तीच असताना चार वेगळी वाक्यं ऐकली की मुलांना क्रियापदाचं वजन कळतं. इतिहासाच्या तासाला केळी कशाला असं कुणी म्हणालं तर म्हणू द्या.

'तुमचे मत नोंदवा' आणि 'चर्चा करा' हे दोन प्रकार फसवे आहेत. पहिल्यात मुलं 'माझ्या मते हे विधान योग्य आहे' एवढं लिहून पुन्हा धड्याकडे वळतात. मत म्हणजे कारणासकट घेतलेली बाजू, हे दरवेळी सांगावं लागतं. दुसऱ्यात हुशार मुलं अडकतात. 'याच्या दोन्ही बाजू आहेत' असं म्हणून ती कुंपणावर बसून राहतात. दोन बाजू असतात हे तपासणाऱ्याला माहीत असतं. तुला कुठली भारी वाटते आणि का, हे त्याला वाचायचं असतं.

भाषेचा प्रश्न तुमच्याकडे जास्त तीव्र असणार. घरी पावरी किंवा भिली बोलणारं मूल वर्गात विचार करतं एका भाषेत आणि लिहितं दुसऱ्या भाषेत. अहिराणी बोलणाऱ्यांचंही थोडंफार तसंच. माझं म्हणणं एवढंच की आराखडा मुलाला हव्या त्या भाषेत करू द्या, तोंडी करू द्या, दोघादोघांत बोलून करू द्या. ते कच्चं काम आहे, गुण त्याला नाहीत. 'चिकित्सक परीक्षण' हे शब्द पाहून गप्प बसणारं मूल 'हे खरं वाटतं का तुला?' म्हटल्यावर घडाघडा बोलतं. नंतर लिहिताना त्याला अडतं ते जोडणाऱ्या शब्दांपाशी. म्हणून मी थोडी ठरीव वाक्यं चक्क पाठ करून घेतो: 'हे विधान अंशतः ग्राह्य आहे, कारण…', 'याउलट…', 'मात्र एवढ्यावरून असे म्हणता येत नाही की…', 'याचा अर्थ असा की…'. घोकंपट्टीच्या मी विरोधात आहे, पण सांध्याची ही वाक्यं पाठ असायला माझी हरकत नाही. ती हाताशी असली की मुलाचं सगळं बळ विचाराकडे राहतं.

आता वेळेचा हिशेब. बारावीचा ८० गुणांचा पेपर तीन तासांचा, म्हणजे एका गुणाला सव्वादोन मिनिटं. आठ गुणांच्या प्रश्नाला अठरा मिनिटं हाताशी असतात, त्यातली तीन-चार आराखड्याला देणं सहज परवडतं. 'सर, आराखड्यात वेळ जाईल' ही तक्रार बारावीच्या मुलानं केली तर हा हिशेब त्यालाच फळ्यावर करायला लावा. संघ लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत सामान्य अध्ययनाचा पेपर मात्र वेगळाच प्राणी आहे: तीन तासांत २० प्रश्न, २५० गुण. दहा गुणांचं उत्तर १५० शब्दांत, पंधरा गुणांचं २५० शब्दांत. वाट्याला येतात अनुक्रमे सात आणि जेमतेम अकरा मिनिटं. २०२५पासून राज्यसेवेची मुख्य परीक्षाही त्याच धर्तीवर वर्णनात्मक झाल्यानं तुमच्या अभ्यासिकेतल्या मुलांना हेच गणित लागू आहे. तिथे आराखड्याला मिनिट-दीड मिनिटापेक्षा जास्त मिळत नाही.

त्या मुलांचं दुखणं बारावीच्या मुलांपेक्षा थोडं वेगळंही आहे, ते ओळखून घ्या. वर्षानुवर्षं चार पर्यायांत योग्य पर्याय शोधायची सवय झालेल्या मुलाकडे माहिती भरपूर असते, पण ती सुटी-सुटी. कायद्याचं साल, समितीचं नाव, कलमाचा क्रमांक. यातल्या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध काय, हे त्याला कुणी विचारलेलंच नसतं. त्याला लांब लिहायचा सराव देण्याआधी 'म्हणून', 'तरीही' आणि 'त्यामुळे' यांचा सराव द्या: दोन तथ्यं द्यायची आणि मध्ये यांपैकी कुठला शब्द बसतो आणि का ते सांगायला लावायचं. १५० शब्दांत प्रस्तावनेला जागाच नसते. पहिल्याच वाक्यात उत्तर आलं पाहिजे. शेतीचा कुठलाही प्रश्न आला की 'भारत हा कृषिप्रधान देश आहे' इथून सुरू होणारी उत्तरं मी इतकी वाचली आहेत की आता ते वाक्य दिसलं की डोळा आपोआप दुसऱ्या परिच्छेदावर जातो. माझाच जातो असं नाही.

आणि मिनिटभरात आराखडा होतो तो वर्षभर आरामात पाच-सहा मिनिटांचे आराखडे केल्यावरच. पहिल्या दिवसापासून घड्याळ लावू नका. दिवाळीपर्यंत वेळ मोकळा ठेवा, मग कमी करत या.

सत्तर मुलांचं तपासायचं कसं, हा तुमचा खरा धसका असणार. दीर्घ उत्तरं तपासूच नका, निदान दर आठवड्याला तरी. आठवड्यातून एक तास फक्त आराखड्यांचा ठेवा. पाठकोरे कागद आणा, प्रत्येकाला एक प्रश्न द्या, आराखडा करून घ्या. मग कागद शेजाऱ्याकडे द्यायचा, पण दोन रांगांना दोन वेगळे प्रश्न दिलेले असले पाहिजेत, म्हणजे शेजाऱ्याला प्रश्न माहीत नसेल. शेजाऱ्यानं आराखडा वाचून मूळ प्रश्न काय असेल ते खाली लिहायचं. 'फैजपूर अधिवेशनाची माहिती द्या' असं त्यानं लिहिलं तर आराखडा बिघडलाय, हे कागदाच्या मालकाला तुम्ही न सांगता कळतं. मूळ प्रश्नाच्या जवळपास पोचला तर जमलं. या खेळात मुलं एकमेकांना अजिबात सोडत नाहीत, आपल्यापेक्षा कडक तपासतात. तुम्ही फिरत-फिरत दहा-बारा कागद बघितले तरी वर्गात काय चाललंय ते समजतं.

पूर्ण उत्तर महिन्यातून एखादं लिहून घ्या. तेही तपासताना पहिला परिच्छेद आणि प्रत्येक परिच्छेदाचं पहिलं वाक्य एवढंच वाचून शेरा द्या, तेवढ्यात उत्तर कळत नसेल तर पुढे वाचून काही वेगळं निघत नाही. 'छान', 'मुद्दे वाढवा', 'सविस्तर लिहा' हे शेरे बंद. 'सविस्तर लिहा' वाचून मुलगा आणखी एक पान जोडतो आणि आपण सुरुवात केली तिथेच परत येतो. त्याऐवजी समासात बाण काढून विचारा, 'हे वाक्य प्रश्नातल्या कुठल्या शब्दाला उत्तर देतं?' मुलाला शब्द दाखवता आला तर वाक्य राहिलं, नाही आला तर गेलं.

राहता राहिली गाइडं. बंद करायच्या भानगडीत पडू नका. तुम्ही बंद केलीत तर मुलं घरी वाचतील, आणि परीक्षेच्या आदल्या रात्री तर नक्कीच. त्यापेक्षा वर्गातच उघडा. गाइडातलं एक उत्तर घ्या, वरचा प्रश्न झाका आणि विचारा, हे कुठल्या प्रश्नाचं उत्तर आहे? बहुतेक वेळा 'अमुकची माहिती द्या' यापलीकडे मुलं पोचत नाहीत, कारण उत्तर तसंच लिहिलेलं असतं, मग वर प्रश्न काहीही छापलेला असो. आता त्याच विषयावरचा 'कितपत' किंवा 'केवळ' असलेला प्रश्न फळ्यावर लिहा आणि गाइडातल्या उत्तरात जी वाक्यं या नव्या प्रश्नाला लागू पडतात तेवढ्यांखाली रेघ मारायला सांगा. दोन-चारच सापडतील. बाकीचं कुठून आणायचं, हा पुढचा तास. पहिल्यांदा करताना अख्खं गाइड हातात देऊ नका, त्या एका पानाची झेरॉक्स द्या. गाइड हातात आलं की अर्धा वर्ग पुढचं उत्तर वाचत बसतो.